जेवायला गेलेली इस्त्रीवाली

तर तो फायलीवाला तिसऱ्यांदा आला, तेव्हाही किल्लीवाल्याने डोळ्याची पापणी न लववता तेच ठोकून दिलं. "वहिनी ना? आत्ताच जेवायला गेली."

पहिल्यांदा तो सकाळी आला होता, गल्ली अजून झाडून व्हायची होती तेव्हा. वहिनी जेवायला गेली होती. दुसऱ्यांदा भर दुपारी आला, तेव्हाही जेवायला गेली होती. तिथवर ठीक, दुपारी माणूस जेवतोच. आता उन्हं कलली होती आणि वहिनी पुन्हा जेवायला गेली होती. फायलीवाल्याने जिन्याखालच्या टेबलाकडे नीट पाहिलं. जाड चादर ताणून बसवलेली, कोळशाची इस्त्री धगधगतेय, घडी घातलेल्या कपड्यांची चवड बाजूला रचलेली, आणि इस्त्री फिरवतोय कोण, तर शेजारचा शिंपी. त्याला गल्लीत सगळे मास्तर म्हणत.

"म्हणजे धंदा बंद नव्हता म्हणायचा," फायलीवाला म्हणाला.

किल्लीवाल्याची छाती फुगली. "बंद? एक दिवससुद्धा नाही, साहेब. खाडा म्हणून नाही. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे असं.

आता किल्लीवाला काही खोटारडा माणूस नव्हता. उलट इतका सरळ, की लोक घराच्या किल्ल्या त्याच्याकडे टाकून बिनघोर गावाला जायचे. पण त्या गल्लीची एक रीत होती. गल्लीत चारच कामाच्या जागा: जिन्याखाली वहिनीचं इस्त्रीचं टेबल, त्याला लागून किल्लीवाल्याची पेटी, पलीकडे मास्तरचं मशीन आणि कोपऱ्यावर चहावालीचा स्टोव्ह. चौघांचाही मालक कुणी नाही. मालकही आपणच आणि नोकरही आपणच, मग रजा मागायची कुणाकडे आणि द्यायची कुणी? म्हणून जुन्या लोकांनीच ठरवून ठेवलं होतं, की कुणाचं टेबल थंड पडू द्यायचं नाही. एक आजारी पडला तर बाकीच्यांनी आळीपाळीने त्याचं काम ओढायचं, संध्याकाळी जी काय कमाई होईल ती त्याच्या घरी नेऊन द्यायची, आणि गिऱ्हाइकाला ताकास तूर लागू द्यायची नाही. गिऱ्हाईक म्हणजे पाणी. जरा उतार दिसला की तिकडे पळणार. तेव्हा कुणी विचारलंच, तर उत्तर एकच: आत्ताच जेवायला गेला, येईल एवढ्यात.

या हिशेबाने किल्लीवाल्याचे डोळे आले होते तेव्हा तो आठवडाभर जेवत होता. आणि मास्तरचे वडील गेले तेव्हा मास्तरही बिचारा गावाकडे दोन दिवस जेवायलाच गेला होता.

त्या टेबलावर वहिनी आली ती लग्न होऊन. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी यायचा, तोही अर्धा वेळ झोपायला. टेबल सासूचं. सासूने उभा जन्म तिथे इस्त्री ओढली होती, आणि त्याची खूण अंगावर होती: उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. आता हात थरथरायचे, म्हणून ती वरच्या खोलीत खिडकीशी बसून गल्लीवर नजर ठेवायची आणि जाता-येता सुनेला ऐकवायची, "आजारी पडायला आम्हाला सवड कुठे होती? तुमचं आपलं बरं आहे."

"हो ना, मजाच आहे," वहिनी म्हणायची आणि त्या उतरत्या खांद्याकडे बघायची.

तिच्या गिऱ्हाइकांत एक होते घडीसाहेब. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, ताठ, आणि नाकाने कांदे सोलणारे. नाव गल्लीनेच ठेवलेलं, कारण प्रत्येक शर्टाची घडी उलगडून, उजेडाकडे धरून तपासल्याशिवाय ते गाठोडं उचलत नसत. बाहीवर दोन रेषा दिसल्या की संपलं. एकदा ते सहज बोलून गेले, "महिन्याच्या एक तारखेला मी बँकेत जातो. काही न करता पेन्शन मिळते." ते बोलले आणि विसरले. वहिनीच्या डोक्यात मात्र ते इस्त्रीच्या चटक्यासारखं उमटलं. या माणसाने कागदांच्या घड्या घातल्या, सासूने कपड्यांच्या. त्याला मरेपर्यंत पेन्शन, आणि हिला सुनेच्या हाताकडे बघत बसायचं. घडीसाहेबांवर तिचा राग नव्हता. त्यांना मिळतंय ते बरोबरच होतं. सासूला मिळत नाही हे चूक होतं.

म्हणून शाळेच्या ओट्यावर निधीवाल्यांनी माणसं बसवली, तेव्हा गल्लीतून पहिली गेली ती वहिनी. कष्टकरी निधी म्हणतात त्याला. ज्यांचा कुणी मालक नाही अशा हातावर पोट असणाऱ्यांसाठी. महिन्याला थोडं भरायचं. हातपाय मोडून काम थांबलं तर भत्ता, आणि म्हातारपणी पेन्शन. नाव नोंदवून आली आणि बाकीच्यांच्या मागे लागली.

"आपण कुलपं उघडणारी माणसं," किल्लीवाला म्हणाला, "स्वतःला कशात अडकवून घेणारी नाही."

"मला पेन्शन?" चहावाली हसली. "तोवर जगले तर."

"जगणार नसशील तर आजच तुझा गल्ला माझ्याकडे दे," वहिनी म्हणाली. "मला उपयोगी पडेल."

मास्तर काहीच बोलला नाही. मास्तर नेहमी तोंडात टाचण्या धरून असायचा, त्यामुळे त्याचं मत काय हे कुणालाच कळायचं नाही. शेवटी तिच्या शब्दाखातर तिघांनी नावं घातली. पण किल्लीवाल्याने अट घातलीच. "आधी तुला काही मिळालेलं या डोळ्यांनी बघू. नाही मिळालं तर आम्ही भरणं बंद करणार."

"बघा," वहिनी म्हणाली. "फक्त मी आजारी पडावं म्हणून नवस बोलू नका."

नवसाची गरज पडली नाही. पावसाळा नाही की चिखल नाही, चांगला कोरडा दिवस. तिसऱ्या मजल्यावरून कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरताना तिचा पाय साडीच्या काठात अडकला. गाठोडं तिने सोडलं नाही. धुतलेले कपडे होते ना. पडली ती उजव्या मनगटावर. गाठोडं स्वच्छ राहिलं, मनगट मोडलं.

डॉक्टरांनी हात बांधला, दोन महिने इस्त्रीला शिवू नका म्हणाले. वहिनीने निधीकडे अर्ज पाठवला. आणि इकडे गल्लीची रीत आपोआप सुरू झाली, कुणी कुणाला सांगावंही लागलं नाही. सकाळी किल्लीवाला, दुपारी चहावाली, संध्याकाळी मास्तर. मास्तरचा हात बरा होता. चहावालीने इस्त्री केलेल्या शर्टांना आल्याचा वास यायचा. किल्लीवाल्याने पहिल्याच दिवशी एका विजारीचा खिसा जाळला आणि "फॅशन आहे" म्हणून गिऱ्हाइकाला परत दिली. घडीसाहेबांना तर रोज नवं दुःख. "बाहीवर तीन रेषा? वहिनींना झालंय काय?"

"जेवायला गेल्यात," तिघंही म्हणायची.

आणि त्यातच तो फायलीवाला तीन वेळा येऊन गेला. निधीचा तपासनीस होता तो, काम खरंच थांबलंय का हे बघायला आलेला. पण तो कोण हे त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

अर्ज नामंजूर झाला.

वहिनी गळ्यात हात अडकवून निधीच्या कार्यालयात गेली. बाकावर बसून सकाळ गेली, मग काचेमागच्या अधिकारीबाईंनी आत बोलावलं. बाई तरुण, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर स्वतःचा डबा अर्धा उघडा. वाईट नव्हत्या. फाईल वाचता वाचता त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"तपासनीस तिन्ही वेळा आले तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. दिवसातून किती वेळा जेवता तुम्ही?"

"असेल तेव्हा दोनदा," वहिनी म्हणाली.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी चष्मा खाली घेतला. "हे बघा ताई, हात मोडला हे मला दिसतंय. डॉक्टरांचा कागद आहे. पण निधी हाताचे देत नाही, काम थांबल्याचे देतो. तुमचं टेबल चालू होतं. कमाई घरी येत होती. खरं ना?"

आता इथे एखादीने डोळ्यांना पदर लावला असता. वहिनी विचार करत बसली. कमाई येत होती, हे खरंच होतं. रोज संध्याकाळी चहावाली ओंजळीत आणून देत होती. त्यासाठी तिचा दुपारचा स्टोव्ह बंद राहायचा, मास्तरच्या पिशव्यांत अर्धवट शिवलेले कपडे पडून होते, आणि सकाळची किल्ल्यांची गिऱ्हाइकं पुढच्या चौकात जायला लागली होती. एक हात मोडला होता आणि चार चुली मंदावल्या होत्या. पण यातलं कुठे काय दिसणार? टेबल तर गरम होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझ्या शेजाऱ्यांनी मला सांभाळलं."

"चांगले आहेत तुमचे शेजारी."

"फार चांगले आहेत," वहिनी उठत म्हणाली. "तेच नडलं."

परत येताना तिला राग कुणाचाच आला नाही. नियम आंधळा नव्हता, आपणच त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता.

भत्ता नाही म्हटल्यावर शेजाऱ्यांवर आणखी भार कशाला, म्हणून ती दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी उभी राहिली. बांधलेल्या हाताने इस्त्री रेटायला लागली. खिडकीतून सासू बघत होती. एरवी टोमणा आला असता. त्या दिवशी आला नाही. थोड्याच दिवसांत मनगट सुजून आंब्याएवढं झालं आणि डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. हाड तिरकं जुळत होतं. पुन्हा सरळ करायला लागलं, पुन्हा बांधलं, पुन्हा दोन महिने. "या वेळी ऐकलं नाहीत," ते म्हणाले, "तर जन्मभर याच हाताने फक्त नमस्कार करा."

त्या संध्याकाळी वहिनी चहावालीच्या स्टोव्हपाशी येऊन बसली. तिघं तिथेच होते.

"उद्यापासून माझी सकाळ," किल्लीवाला म्हणाला. "खिसे आता मला जमतात."

"उद्यापासून टेबल बंद," वहिनी म्हणाली.

चहावालीने हातातलं गाळणं खाली ठेवलं. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे थंड. कोळसा पेटवायचा नाही, गाठोडं घ्यायचं नाही. मी नवा अर्ज पाठवलाय. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, तिचा हात मोडलाय."

"गिऱ्हाइकाला खरं सांगायचं?" किल्लीवाल्याला ते विष पाजल्यासारखं वाटलं. "आणि आमची मदत? ती काय आता कडू झाली?"

"भाऊजी, मदत गोडच होती. पण तुम्ही टेबल सांभाळलंत. टेबलाचा हात मोडला नव्हता, माझा मोडला होता. सासूबाईंचंही तुमच्या आधीच्या लोकांनी असंच सांभाळलं. टेबल आजतागायत धडधाकट आहे. सासूबाईंचा खांदा वर जाऊन बघून या."

"गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"आणि निधीने पुन्हा नाही म्हटलं तर?"

"तर माझं टेबल गेलं आणि तुमचं भरणं वाचलं. मग सगळे मला हसा. पण या वेळी निदान खरं काय ते त्यांना दिसू दे."

तेव्हा मास्तरने तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीत खोचल्या. सगळ्यांना वाटलं आता हा फार मोठं काहीतरी बोलणार. "बंद तर बंद," तो म्हणाला आणि टाचण्या परत तोंडात घेतल्या.

टेबल बंद झालं. त्या गल्लीत असं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. चादर काढल्यावर खाली फळीवर काळी जळकी वर्तुळं दिसली, सासूच्या काळापासूनची. लोक गाठोडी घेऊन यायचे, थबकायचे. किल्लीवाला घसा खाकरून म्हणायचा, "हात मोडलाय," आणि स्वतःचाच हात मोडल्यासारखं तोंड करायचा. काहीजण हळहळले. काहीजण तिथूनच वळून चौकातल्या लाँड्रीत गेले. तिथे यंत्र होतं आणि यंत्राला मनगट नव्हतं. वहिनी खिडकीतून सासूच्या शेजारी बसून एकेक गाठोडं जाताना बघायची. हात दुखला नव्हता एवढं ते बघणं दुखायचं.

"ती बाई गेली बघ," सासू सांगायची. "आणि तो डॉक्टरचा मुलगा. तोही."

"मोजू नका, सासूबाई."

"मोजत नाही. निरोप देतेय."

घडीसाहेब मात्र रोज यायचे. लाँड्रीत एकदा जाऊन आले होते. तिथे त्यांची कॉलर उलटी दुमडली, ते भांडून परत. आता चुरगळलेला शर्ट घालून, गाठोडं काखोटीला मारून, टेबलासमोर उभं राहायचं आणि निघून जायचं, असा त्यांचा नेम झाला. एके सकाळी ते फार गयावया करायला लागले. भाचीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते. "एकच शर्ट. माझी अब्रू आहे, किल्लीवाले."

किल्लीवाल्याने इकडे तिकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती. माणूस तसा मऊ. एका शर्टाने काय जातंय, असं म्हणत त्याने इस्त्रीत कोळसे घातले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. धूर जिन्यातून वर गेला.

वहिनी खाली आली ती पायात चप्पल न घालता. शर्ट अजून फळीवर पसरायचाच होता. चहावालीचा पाण्याचा जग डाव्या हाताने उचलला आणि इस्त्रीच्या पोटात ओतला. छन्न झालं. वाफेचा लोट उठला, किल्लीवाला खोकायला लागला, आणि वाफ विरली तेव्हा पलीकडे फायलीवाला उभा.

त्याने नाक वर केलं. कोळशाचा वास लपत नाही. "अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे चालू आहे."

किल्लीवाल्याचं तोंड उघडलं. सगळ्या गल्लीला माहीत होतं त्यातून काय बाहेर पडणार. वहिनीलाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, साहेब. मी पेटवली होती. हिला न विचारता. हिने विझवली. टेबल बंद आहे, हिचा हात मोडलाय, आणि गेल्या वेळी मी तुमच्याशी तीनदा खोटं बोललो. ती जेवायला गेली नव्हती. वर झोपून कण्हत होती."

फायलीवाल्याने मान हलवली, पण पेन काही खिशातून निघेना. एकदा फसलेला माणूस तो. खरंही ताकासारखं फुंकून पिणार. "तुम्ही शेजारी लोक," तो म्हणाला, "सोयीप्रमाणे सांगता."

"शेजारी?" घडीसाहेब गरजले. "मी कुणाचा शेजारी नाही. मी गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे बघा." त्यांनी दोन्ही हात पसरले. शर्ट असा होता, जसा काही गाईने चघळून टाकलाय. "ही कॉलर बघा. पाठ बघा." ते वळले. "इतकी वर्षं या टेबलावरची एकही घडी मी तपासल्याशिवाय उचलली नाही. टेबल चालू असतं तर मी असा दिसलो असतो? आज माझ्या भाचीकडे पाहुणे येणार आहेत आणि मी हा असा जाणार आहे. बंद आहे म्हणजे बंद आहे. लिहा."

फायलीवाल्याने त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग पुढे होऊन त्याने फळीवर तळहात टेकवला. थंड होती. त्याने पेन काढलं.

भत्ता मंजूर झाला. फार मोठा नव्हता, पण घर चालेल एवढा होता, आणि तो कुणाच्या ओंजळीतून आला नव्हता. पहिला हप्ता आला त्या दिवशी चहावालीने आपलं त्या महिन्याचं निधीचं भरणं पदरात बांधलं आणि कार्यालयाकडे चालायला लागली. किल्लीवाला पेटीला कुलूप लावून तिच्यामागे गेला. मास्तर आधीच भरून आला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं, टाचण्या होत्या ना.

हात सुटला, डॉक्टरांनी मूठ वळायला लावून पाहिली, आणि एका सकाळी जिन्याखाली पुन्हा धूर झाला. गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. डॉक्टरचा मुलगा आला, ती बाई नाही आली. सासू कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच खाली उतरून खुर्चीवर बसली होती. सुनेचे दोन्ही खांदे आळीपाळीने बघत होती आणि दोन्ही सारखे असल्याची खात्री करून घेत होती.

दुपारपर्यंत चवड उभी राहिली. तेवढ्यात घडीसाहेब आले. गाठोडं एवढं मोठं, की खाली त्यांचे फक्त पाय दिसावेत. ते त्यांनी टेबलावर आदळलं.

"दोन महिने," ते म्हणाले, "दोन महिने मी लोकांत हसं करून घेतलं. तुम्हाला निधीने भरपाई दिली. माझी भरपाई कोण देणार, वहिनी?"

वहिनीने इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि गाठोडं आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"साहेब, तुम्ही चुरगळलेले हिंडलात म्हणून तर लोकांना कळलं, की शर्टाच्या घडीमागे कुणाचा तरी हात असतो, आणि हात मोडतो. आता तो बरा आहे. कपडे ठेवा, उद्या न्या. बाहीवर एकच रेषा येईल. आत्ता थांबू नका, मी जेवायला चाललेय, आणि या वेळी खरंच."